शववाहिकेतून शहरदर्शन

"मालक, आजपासून मौन! तोंडातून चकार शब्द निघाला, तर जोड्याने मारा!"

असं छातीठोकपणे सांगून गाईड शववाहिकेत चढला. गाईड म्हणजे ड्रायव्हरच. पण आधीची सगळी वर्षं त्याने समुद्रकाठच्या या शहरात पर्यटकांची बस चालवली होती, तीही माईकवर बोलत बोलत. ती कंपनी बुडाली आणि पोटापाण्यासाठी तो इकडे आला. गाडी बदलली, जीभ तीच राहिली! मागे एका मयताला त्याने "आपला प्रवास सुखाचा होवो!" म्हटलं होतं. तेव्हाच मालकाने बजावलं, "आणखी एक तक्रार आली, की घरी बस!" घरी बसून खाणार काय? बायकोच्या शिलाई मशीनवर दोघांचं भागत नव्हतं.

तर मागे पेटी, आणि पेटीशेजारी गेलेल्या माणसाची बायको नि धाकटा दीर. उपचारासाठी आयुष्यात पहिल्यांदा या शहरात आलेली माणसं. रोगी इस्पितळातच दगावला. मागून मिनीबसमध्ये बाकीचे नातेवाईक. स्मशानाचा नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला, म्हणून गाईडने गाडी समुद्राकडून घेतली. ओठ घट्ट मिटलेले!

इतक्यात दिराने बाहेर बोट केलं. "ते उंच काय हो?"

झालं! धरणच फुटलं!

"दीपस्तंभ! नव्या पाहुण्याने चुकवू नये असं पहिलं ठिकाण! उजवीकडे जुनं बंदर! आणि आता डावीकडे पाहा, मंडळी..."

"अहो, मंडळी काय? गाडीत मयत आहे!" दीर ओरडला. पण ओरडला तो मान डावीकडे वळवूनच.

किनाऱ्याच्या पायऱ्यांपाशी गाईडचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. "दहा मिनिटं! गाडी कुणासाठी थांबणार नाही!"

मागची मिनीबसही थांबली. स्मशान आलं समजून नातेवाईक गळा काढत उतरले, आणि समोर समुद्र बघून रडायचेच विसरले. आत्याबाईंनी चपला काढून पाय बुडवले. भाच्याने फोटो काढले. दीर त्यांना आवरायला म्हणून उतरला तो बराच वेळ वर आलाच नाही.

स्मशानात पोहोचेपर्यंत दहनाची ठरलेली वेळ टळलेली! सगळे उन्हात ताटकळत बसले. गाईडचा चेहरा पेटीतल्या माणसापेक्षा पांढरा पडला.

"साहेब, पाया पडतो, तक्रार करू नका!"

"कुठल्या तोंडाने करू?" दीर कुजबुजला. "फोटोत मीच मधोमध आहे!"

गाईडचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मालकाचा सांत्वनाचा फोन आला. प्रत्येक मयताच्या घरच्यांना तो असा फोन करायचाच. दिराने तो वहिनीला दिला, आणि सकाळपासून कोरड्या राहिलेल्या तिच्या डोळ्यांना धार लागली.

"फार चांगला माणूस दिलात हो! लग्नापासून हे म्हणायचे, तुला समुद्र दाखवतो. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. आज बघितला मी, ह्यांच्या शेजारी बसून. दीपस्तंभ, बंदर, सगळं समजावून सांगितलं! पायऱ्यांपाशी गाडीसुद्धा थांबवली!"

मग फोन गाईडकडे आला. "गाडी आणून लाव," मालक म्हणाला, "आणि उद्यापासून येऊ नकोस."

गाईडने फोन परत दिला. बाईने डोळे पुसत विचारलं, "दादा, आम्ही उद्या दुपारी निघणार. राहिलेलं दाखवाल का?"

"दाखवतो की, ताई," गाईड म्हणाला. "आता मोकळाच आहे. फक्त पायी चालावं लागेल."