मामींचा आवाज न पकडणारं मशीन

कानाचं मशीन घ्यायचं आणि घरात कुणाला कळू द्यायचं नाही, असं मशीनमामांनी एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. ठरवलं आणि गाल कापून घेतला. तसा निर्णय लहानसाच होता. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं 'मला चांगलं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात' असं छातीठोकपणे सांगितलं, त्याच्या गळ्याखाली तो उतरायला वेळ लागणारच.

मामांची सगळी नोकरी छापखान्यात गेली, म्हणून ते मशीनमामा. मोठ्या छपाईयंत्राशेजारी उभं राहून त्यांनी पाठ्यपुस्तकं, कॅलेंडरं, निवडणुकीची पत्रकं, काय वाटेल ते छापलं (वाचलं मात्र काहीच नाही). धडधडाट असा, की शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी व्यर्थ. म्हणून तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलत. शाई संपली, कागद अडकला, साहेब आला, साहेब टळला, सगळा कारभार ओठांवर. त्या धडधडाटानेच मामांचे कान हळूहळू खाल्ले, आणि मामांना त्याचा भलताच अभिमान. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी कानात मशीन घातलं, तेव्हा मामा सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "त्यांचे कान म्हातारे झाले. माझे कामावर खर्ची पडले. फरक आहे!"

ओठ वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी मामांची पक्की समजूत होती. खरं सांगायचं तर एखाददुसरा शब्द हाती लागायचा आणि बाकीचं ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून भरून काढायचे. चेहरा पडलेला दिसला की "अरेरे." खुललेला दिसला की "वा, छान!" आणि मधला काही दिसला की नुसती मान. एकदा एका अंत्ययात्रेत गेलेल्याच्या धाकट्या भावाला ते "वा, छान!" म्हणाले होते, पण त्यात चूक त्या भावाची होती. त्याचा चेहराच मुळात हसरा.

मग हे मशीनचं खूळ डोक्यात शिरलं कुठून? तर लेक येऊन गेली. जाताना तिने मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "बाबा, आईचा आवाज अजून कसा आहे हो, अगदी तरुण!" मामांनी मान हलवली. दार लागलं, मामा खुर्चीत बसले, आणि मामींचा आवाज आठवायला लागले.

आठवेना.

छापखान्यातलं जुनं मशीन आठवलं, नवं आठवलं, नव्याचा पट्टा सैल झाला की येणारा आवाजसुद्धा आठवला. कागद कापायच्या यंत्राचा खटका आठवला. साहेबाचं खाकरणं आठवलं. जिच्याबरोबर सगळा जन्म काढला, तिचा आवाज तेवढा डोक्यात कुठेच सापडेना. मामा रात्रभर तळमळले. बायकोला विचारायची तरी सोय होती का? काय विचारणार, तुझा आवाज कसा होता गं?

दुसऱ्या सकाळी तो दाढीचा प्रसंग घडला.

दुकानातल्या तपासनीस मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर काहीबाही चढवलं आणि 'शिट्टी ऐकू आली की बोट वर करा' असं लिहून दाखवलं. मामांचं बोट बराच वेळ मांडीवरच होतं. मग तिने दोन्ही कानांत ती बारकीशी मशीनं बसवली आणि कळ फिरवली.

"काका, येतंय का ऐकू?"

"येतंय!" मामा म्हणाले आणि दचकून मागे वळले. "कोण बोंबललं?"

"तुम्हीच, काका."

घरी जाताना मामांना जग भारीच कटकटीचं वाटलं. चपला वाजत होत्या, खिशात किल्ल्या वाजत होत्या, गुडघासुद्धा वाजत होता. पण मामा खुशीत होते. घराच्या दाराशी त्यांनी खिशातून लोकरीची कानटोपी काढून डोक्यावर चढवली आणि पार मानेपर्यंत खाली ओढली. बाहेर रणरणतं ऊन होतं. आधी आवाज ऐकायचा, मन भरून ऐकायचा, मग टोपी काढून तिला चकित करायचं, असा बेत होता.

मामी स्वयंपाकघरात होत्या. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला. मामी वळल्या, टोपीकडे बघतच राहिल्या, कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं आणि बोलू लागल्या. ओठ हलत होते. हात हलत होते. आवाज शून्य.

मामांनी हळूच टोपीत बोट घालून कळ आणखी फिरवली. नळाचा धबधबा झाला. मामींचे ओठ हलतच राहिले. आवाज नाही तो नाहीच.

"हं, हं," असं म्हणून मामा आल्या पावली दुकानात गेले.

"हे मशीन परत घ्या! सगळं ऐकू येतं, पण माझ्या बायकोचा आवाज पकडत नाही!"

तिथे बाकावर एक गृहस्थ बायकोबरोबर मशीन निवडत बसले होते. ते पुढे झुकून त्या मुलीला म्हणाले, "हेच मॉडेल दाखवा." त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी मुकाट्याने समोरचं पहिलं मशीन उचललं.

मुलीने मशीन उघडलं, पुसलं, तपासलं. "काका, मशीन उत्तम आहे. माझा आवाज येतो ना? या मावशींचा येतो ना?"

"सगळ्यांचा येतो. तिचाच येत नाही."

"त्या फार हळू बोलत असतील."

"हळू? ती?" मामा म्हणाले. पण ती हळू बोलते की मोठ्याने, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

परतताना ते जिन्यात थबकले. वर कुणीतरी हसत होतं. जरासा बसका आवाज, बोलणं भरभर, आणि हसू संपताना मध्येच तुटायचं नि पुन्हा फुटायचं. मामांनी कठडा धरला. ओळख पटायला क्षणसुद्धा लागला नाही. मामी दारात उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "अहो, आज टोपी घालून फिरतायत! विचारलं तर म्हणे, हं हं!" आणि दोघी पोट धरून हसल्या.

आपली चेष्टा चालली आहे, हे मामांच्या ध्यानातही आलं नाही. ते पायरीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. टोपी खाली ओढून त्यांनी तोंड पुसलं. (लोकर पाणी टिपत नाही, हेही त्यांना त्या दिवशी कळलं.)

शेजारीण गेली. मामांनी उठून वर पाहिलं. मामींनी त्यांना पाहिलं, चेहरा एकदम बदलला, ओठ हलू लागले आणि आवाज विझला. आता मात्र मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीन ठणठणीत होतं. मामीच त्यांच्याशी आवाजाशिवाय बोलत होत्या.

मामांनी टोपी काढली.

मामींचे ओठ थांबले. त्यांनी एका कानात बघितलं, मग दुसऱ्या. "हे कधी बसवलंत?" त्या म्हणाल्या. खऱ्या आवाजात.

"तू माझ्याशी आवाज काढून बोलत नाहीस?"

"आत चला आधी. सगळा जिना ऐकतोय."

आत येऊन दोघं समोरासमोर बसले. मामी हातातलं फडकं घडी करत राहिल्या.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत. मागे एकदा मी जेवायला या म्हणून हाक मारली, मग ओरडले, मग खालच्या पोस्टमास्तरांनी वर येऊन विचारलं, काही झालं का म्हणून. तुम्हाला केवढी लाज वाटली! म्हणालात, 'ओरडून माझी अब्रू घालवू नकोस. छापखान्यात आम्ही जन्म ओठांवर काढला. नुसते ओठ हलव, मला सगळं कळतं.' मग हलवायला लागले."

"आणि मला कळत नव्हतं, हे तुला कळत नव्हतं?"

"कळलं की. लवकरच कळलं." मामींनी फडक्याची घडी मोडली. "छातीत गाठ लागली होती मला. तपासायला जाते म्हणून सांगितलं, तर म्हणालात, 'ये जाऊन. येताना ब्लेडचं पाकीट आण.'"

"गाठ? कसली गाठ? मग?"

"काही नव्हतं, साधीच निघाली. घरी येऊन तसं सांगितलं. मला जरा रडू आलं होतं, तर तुम्ही म्हणालात, 'अरेरे.'"

"अगं, मग मला हलवायचं, लिहून द्यायचं, डोक्यात पातेलं घालायचं!"

"आधी राग आला. खूप आला." मामींनी फडकं बाजूला ठेवलं. "तोंडावर चार शिव्या दिल्या, तर तुम्ही 'वा, छान' म्हणालात. मला हसूच फुटलं. मग रोजचं होऊन गेलं. संध्याकाळी तुमच्यासमोर बसायचं आणि मनात येईल ते बोलायचं. आईची आठवण आली ते, भीती वाटते ते, तुमचा कंटाळा येतो ते. लेकीला सांगितलं असतं तर ती काळजी करत बसली असती. शेजारणीला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुम्हाला सांगितलं की हलकं वाटायचं. माणूस समोर असतं, मान हलवतं, आणि कुठे काही जात नाही."

इतके दिवस ही बाई मामांच्या पुढ्यात बसून जीव उघडा करत होती आणि ते उद्याच्या दाढीचा विचार करत होते. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की मान वर होईना.

"आता ऐकतो," ते शेवटी म्हणाले. "सगळं ऐकतो. तू बोल."

त्या संध्याकाळी ते कान साफ करून, मशीनच्या बॅटऱ्या बदलून, शहाण्या मुलासारखे खुर्चीत बसले. मामी समोर बसल्या. घसा खाकरला.

"उशांचे अभ्रे जुने झालेत," त्या म्हणाल्या.

"बरं."

"खालच्यांनी दाराला रंग दिला."

"हो का?"

मग बराच वेळ घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू आली. (मामांना वाटत होतं, घड्याळ कधीचंच बंद पडलंय.) मामींनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज एवढा तरुण, आणि त्यातून बाहेर यायला काही तयारच नव्हतं. मामा अधीर होऊन पुढे सरकले, तशा त्या आणखी मागे सरकल्या.

"अहो," शेवटी त्या अगदी हळू म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग ना! त्यासाठीच तर बसलोय."

"ते कानातलं थोडा वेळ काढून ठेवता का? मला बोलायचंय."

मामांनी एक मशीन काढलं, दुसरं काढलं, आणि दोन्ही डबीत ठेवून झाकण लावलं. घड्याळ गेलं, रस्ता गेला, तो बसका भरभर आवाजही गेला. मामींनी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या सुरू झाल्या. मध्येच डोळे भरले, मध्येच हसू फुटलं, मध्येच बोट नाचवून झालं. मामा डोळे फाडून ओठ वाचत होते. जीव तोडून वाचत होते. अक्षरही लागत नव्हतं.

शेवटी न राहवून, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दलच चाललंय का गं?"

मामींचे ओठ 'हो' म्हणाले. तेवढं मात्र मामांना अचूक वाचता आलं.