तापावरची मुळी तळ्याच्या मध्यावर

एका जंगलात, मुलांनो, कुठली वस्तू कुठे ठेवायची हे ठरवणं प्राण्यांनी सोडून दिलं होतं. ते आता आपोआप व्हायचं.

ही व्यवस्था करकोचेरावांनी बसवली होती. कोण कुठून काय मागतो, यावर ती नजर ठेवायची. मग सगळ्या मागणाऱ्यांच्या बरोब्बर मधली जागा काढायची, आणि बगळे ती वस्तू उचलून तिथे ठेवून यायचे. करकोचेराव स्वतः काहीच ठरवत नसत. त्यामुळे त्यांचं कधी चुकतही नसे.

टेकडीवर साळू नावाची साळिंदरीण दोन पिल्लांसह राहायची. तापावरची मुळी उगवायची ती फक्त तिच्या बिळामागे, पण लागायची सगळ्या जंगलाला. आता जंगल होतं तळ्याभोवती वसलेलं. तेव्हा मधली जागा निघाली ती तळ्यातल्या खडकाची. बगळ्यांनी मुळी खणून तिथे नेली. त्या खडकावर मगर राहायची.

एके दिवशी साळूचं थोरलं पिल्लू तापाने फणफणलं. ती धावत करकोचेरावांकडे गेली.

"अहो, मुळी माझ्या दाराशी होती! पोर जाईल हो माझं!"

"मुळी आता सर्वांच्या जवळ आहे, साळूबाई."

"तिथं मगर आहे!"

"हो. तिचं अंतर शून्य. त्यामुळे तर सरासरी इतकी छान येते."

मला या करकोच्याचा भारी राग येतो, पण असो.

साळू रडत घरी आली आणि वेड्यासारखी बिळामागची माती उकरू लागली. जमिनीत मुळीचा एक तुकडा राहून गेला होता. तिने तो चावून पिल्लाला भरवला. संध्याकाळपर्यंत पिल्लू उठून बसलं. साळूला इतका आनंद झाला, की तिने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून पिल्लू दाखवलं.

दुसऱ्या दिवशी करकोचेराव बगळ्यांना घेऊन दारात हजर.

"अभिनंदन, साळूबाई! मुळी मागितली आणि लगेच गुण आला. इतकी जलद सेवा आजवर कुणालाच मिळाली नव्हती. व्यवस्था यशस्वी झाली!"

"अहो, तुकडा इथंच राहिला होता म्हणून वाचलं ते!"

"तेच म्हणतो मी. एवढी गुणकारी मुळी अशी कोपऱ्यात पडून राहणं बरं नाही."

बगळ्यांनी उरलीसुरली बारीक मुळंसुद्धा उपटली आणि खडकावर नेली. साळू बिळात गेली. धाकट्याचं अंग गरम लागत होतं.

तात्पर्य: मुलांनो, औषध लपवून ठेवू नये, ते सर्वांचं असतं. बरं झालेलं पिल्लू मात्र लपवून ठेवावं.