वारुळावरच्या तीन पाट्या

बाळांनो, गोष्टीआधी एक सवाल. भरवसा कुणावर ठेवावा? मध्येच ‘मग? पुढे काय झालं?’ असं विचारणाऱ्यावर, की शांतपणे ‘हं, हं’ म्हणणाऱ्यावर? घाई करू नका. घाईनं दिलेलं उत्तर आणि घाईनं घेतलेला आंबा, दोन्हींची पारख घरी गेल्यावरच होते. आधी गोष्ट ऐका. आणि हुंकारा देत चला, नाहीतर मला वाटेल तुम्ही झोपलात.

एका जंगलात, जिथं तोंड प्रत्येकाकडे होतं पण कान दुसऱ्याकडून उसना आणावा लागे, तिथं एक खवले मांजर राहत होतं. नावात मांजर, पण मांजराशी नातं काही नाही. अंगभर खवले. तोंडात दात एकही नाही. जीभ मात्र हातभर. घाबरलं की अंगाचा गोळा करायचं आणि जग निघून जाईपर्यंत उघडायचं नाही.

देवानं त्याला आणखी एक सोय दिली होती. खाताना मुंग्या आत शिरू नयेत म्हणून त्याला कान मिटता यायचे. आपण डोळे मिटतो ना, तसे. ही सोय लक्षात ठेवा. सगळा धंदा तिच्यावरच उभा राहिला.

एके दिवशी ते वारुळामागं बसून मुंग्या खात होतं. कान अर्थातच मिटलेले. पुढच्या उतारावर एक भेकर येऊन आडवं पडलं आणि रडत रडत बोलू लागलं. तासभर बोललं. खवल्याला एक अक्षर कळलं नाही. पोट भरल्यावर त्यानं कान उघडले, तेव्हा भेकर डोळे पुसत म्हणत होतं, “काय सांगू दादा, जन्मात पहिल्यांदा कुणी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. छाती मोकळी झाली.”

“हं,” खवल्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भेकर आपल्या मेहुणीला घेऊन आलं. तिसऱ्या दिवशी मेहुणीची सासू आली. आता इथून पुढे आपणही खवल्याला अहो-जाहो करू. ज्याचा धंदा चालतो त्याला मान द्यावाच लागतो.

त्या हिवाळ्यात परदेशातून करकोचे आले. त्यांतल्या एकानं वारुळासमोरची रांग पाहिली आणि मान हलवली. “तिकडे याचं मोठं शास्त्र आहे. पेशंटला आडवं करायचं. वैद्यानं डोक्यामागं बसायचं, दिसायचं नाही. आणि काहीही निघालं तरी ते बालपणावर न्यायचं.”

“आडवे ते होतातच. मागं मी बसतोच,” खवले म्हणाले. “म्हणजे माझ्याकडे फक्त बालपण कमी आहे.”

वारुळावर पाटी लागली : ‘डॉ. खवले. मनाचा तळ तपासून मिळेल.’ डॉक्टरांनी तीन वाक्यं पाठ केली. पहिलं, ‘हं.’ दुसरं, ‘आणि आईबद्दल काय वाटतं?’ तिसरं, ‘वेळ संपली.’ उतारावर निजलेल्याला मुंग्या चावत, तो वळवळे. डॉक्टर म्हणत, “बघा, दडपलेलं कसं वर येतंय!” उठल्यावर चावणं थांबे. पेशंट म्हणे, गुण आला.

माघात धनेशराव आले. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा, डोईवर शिंगासारखं शिरस्त्राण मिरवणारा पक्षी. रुबाबदार, पण आतून हळवा.

“डॉक्टर, बायको स्वतःला कोंडून घेते हो. बेहड्याच्या ढोलीत शिरते आणि दाराला आतून लिंपण घालते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. तीन महिने मी बाहेरून उंबरं भरवतो. माझा बाप हेच करायचा, आजाही हेच करायचा. त्यांना कधी प्रश्न पडला नाही. मला पडतो.”

“काय प्रश्न पडतो?” नुकतेच कान उघडलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“हाच, की मलाच का पडतो.”

“तुमचा जन्म कुठला?”

“ढोलीतला.”

“तेव्हा आत कोण होतं?”

“आई.”

“आणि आता आत कोण आहे?”

“सगुणा.”

“हं,” डॉक्टर म्हणाले आणि गप्प बसले.

धनेशरावांनी चोच वासली ती बराच वेळ मिटली नाही. त्या दिवसापासून ते रोज नदीकाठी बसून आईचा विचार करू लागले. विचारापायी उंबरांच्या दोन खेपा चुकू लागल्या. त्या साली दोन अंड्यांतून एकच पिल्लू बाहेर पडलं, तेही काडीसारखं. कुणी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नाही. डॉक्टरांनी तर नाहीच. ते जोडायचे ते संबंध नेहमी चाळीस वर्षांपूर्वीचे असत.

पुढच्या वर्षी करकोचे आले नाहीत आणि त्यांचं शास्त्र शिळं झालं. डॉक्टर काळजीत पडले. एका सकाळी वानरांच्या आरडाओरड्यानं घाबरून त्यांनी वारुळाशी अंगाचा गोळा केला. तेवढ्यात एक सांबरीण हळदकुंकू घेऊन वारूळ पुजायला आली. समोर गोल, काळसर, खवलेदार काहीतरी.

“अगं बाई, शाळिग्राम प्रकटला!”

डॉक्टरांनी उलगडून खुलासा करायला हवा होता. पण तोवर पाठीला हळद लागली होती, समोर केळं आलं होतं, आणि मुख्य म्हणजे ‘हं’ म्हणायचेसुद्धा कष्ट उरले नव्हते. दुपारी पाटी बदलली : ‘प. पू. खवलेबुवा.’ तीन वाक्यं तीनच राहिली. ‘हं’च्या जागी ‘ओम्’. आईच्या जागी ‘मागचा जन्म’. ‘वेळ संपली’च्या जागी ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’.

आमच्या पेठेतही एकजण होता. एकाच पोत्यातला कापूर तीन बरण्यांत भरायचा. एकीवर लिहायचा ‘पूजेसाठी’, दुसरीवर ‘सर्दीसाठी’, तिसरीवर ‘कपाटातल्या कसरीसाठी’. भाव तीन. तो कोण, ते विचारू नका. तसा बरा माणूस होता.

तर धनेशराव पुन्हा आले. यंदा पाया पडून बसले.

“अरे वेड्या,” बुवा म्हणाले, “ती कोंडून कुठं घेते? ती तप करते. वारुळात बसून तप करणारे ऋषी ठाऊक आहेत ना? तुझी उंबरं म्हणजे तिच्या तपात विघ्न. निदान एकादशीला तरी आवर.”

धनेशराव एकादशी करू लागले. दिवसभर झाडाखाली बसून फराळाला म्हणून उंबरं खायचे. ढोलीतल्या सगुणेनं मात्र खरीखुरी एकादशी केली.

तिसऱ्या वर्षी जंगलातली तरुण मंडळी शाळिग्रामाला हसू लागली. वानरांनी सभा घेतली. सगळ्या दुःखाचं मूळ एकच, ज्याबद्दल मोकळेपणानं बोललं जात नाही ते. बाळांनो, इथं जरा कान झाकून घ्या. झाकले? तरी ऐकू येतंय ना? मग असू द्या, ऐका. ते मूळ म्हणजे नरमादीतल्या इच्छा.

बुवांनी हळद पुसली. तिसरी पाटी लागली : ‘खवलेसर. दांपत्य व कामजीवन सल्ला. गुप्तता पाळली जाईल.’ गुप्तता शंभर टक्के पाळली जाई, कारण कान मिटलेले असत.

या विषयातला सरांचा स्वतःचा अनुभव एवढाच. ऐन तारुण्यात एकदा एक खवलीण समोर आली होती. छान होती. तिनं विचारलं, “इकडे नवीन का?” सरांनी लाजून अंगाचा गोळा केला. धीर करून उलगडले तेव्हा ऋतू बदलला होता. आता तेच सर तिसऱ्यांदा आलेल्या धनेशरावांना समजावत होते, “दार बंद म्हणजे नकार. नकार म्हणजे दडपलेली इच्छा. तुम्ही रोज दारात जाता, म्हणून ती इच्छा जागत नाही. आठ दिवस फिरकू नका. स्वतः दार फोडून येते की नाही बघा.”

“नक्की ना, सर?”

“हं.”

चैत्रातलं ऊन. आठवा दिवस. सर कान मिटून मुंग्या खात होते. बेहड्यावर राहणारी आवडा शेकरू समोर येऊन ओरडू लागली. सर म्हणाले, “हं.” ती आणखी ओरडली. सर म्हणाले, “आणि इच्छा कधीपासून दडपल्यात?” तिनं बेहड्याचं फळ नेम धरून टाळक्यात हाणलं. सरांचे कान खाडकन उघडले.

“मेल्या, बाई मरतेय तिकडे!”

“कोण बाई?”

“सगुणा! तुमचा तो धनेशराव आठ दिवस फिरकला नाही. नदीकाठी पिसं विंचरत बसलाय, ती दार फोडून येईल म्हणून! तीन दिवस हाका मारत होती, आता आवाजही निघत नाही. मी जमेल तेवढं पुरवलं, पण माझ्या तोंडात मावतं किती? माझी स्वतःची चार तोंडं आहेत.”

“दार फोडून यावं ना तिनं.”

“फोडून उडेल कशानं? आत बसली की तिची पिसं झडतात, एवढं माहीत नाही? आणि सल्ला द्यायला बसलात?”

माहीत नव्हतं. तीन वर्षांत धनेशरावांनी ते निदान वीस वेळा सांगितलं असेल.

सरांना पहिली ऊर्मी आली ती गोळा होण्याची. ही गोष्ट बाहेर पडली तर चौथी पाटी लावायला कुणी वारूळ देणार नव्हतं. पण टाळक्याला टेंगूळ आलं होतं आणि कान मिटेनात. त्यांनी पडलेली उंबरं गोळा केली, पाठीवरचा एकेक खवला उचलून खाली एकेक दडपलं, आणि बेहड्यावर चढू लागले. अर्ध्यावर खाली पाहिलं आणि धडकी भरली. गोळा झाले असते तर थेट खाली घरंगळले असते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गोळा न होता घाबरावं लागलं.

फटीतून चोचीचं टोक तेवढं दिसत होतं. कोरडं. त्यांनी एक उंबर ठेवलं. चोच आत गेली. आत बारीक चिवचिव झाली, आणि थांबली. दुसरं ठेवलं, तेही पिल्लाकडे गेलं. पाचवं सगुणेनं स्वतः खाल्लं.

“आलात?” आतून पुटपुटल्यासारखा आवाज आला. “मला वाटलं, ससाण्यानं नेलं तुम्हाला. दुसरं काही मनात आलंच नाही हो.”

सर गप्प. यावेळी शास्त्र म्हणून नव्हे.

“पंखात बळ नसताना दार लिंपून घ्यायला काय लागतं, ठाऊक आहे? चिखल नाही लागत. बाहेरचा येईल, एवढी खात्री लागते. तेवढ्यावर बसते मी.” ती थांबली. तिनं पुढचं उंबर हुंगलं. “याला मुंग्यांचा वास येतोय. कोण तुम्ही?”

“मी… खवले.”

“कुठले? डॉक्टर, बुवा की सर?”

सरांना लपायला जागा नव्हती. “तिन्ही, वहिनी.”

“मग आणखी तीन उंबरं द्या.”

त्यांनी दिली. आणि मग, बाळांनो, एक विपरीत घडलं. दारात बसल्या बसल्या खवले बोलायला लागले. पहिल्या भेकरापासून सगळं. मिटलेले कान, शाळिग्राम, ती खवलीण, सगळं. सगुणा फटीपलीकडे होती, दिसत नव्हती, उठून जाऊ शकत नव्हती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. आईबद्दल काही विचारलं नाही.

एवढंच म्हणाली, “भावजी, तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?”

खवल्यांची छाती मोकळी झाली. ते खाली उतरले आणि तडक नदीवर गेले.

“धनेशराव, वहिनींना भूक लागली आहे.”

धनेशरावांचे डोळे चमकले. “म्हणजे… प्रतीकात्मक?”

“पोटाची.”

“पण सर, तिच्या आत खोलवर काय—”

“खोलवर पिल्लू आहे! मी चुकलो. तिन्ही वेळा चुकलो. मी कधी ऐकलंच नाही तुमचं.”

धनेशराव कौतुकानं हसले. “ही नवी पद्धत वाटतं, सर? धक्क्याची?”

खवल्यांनी पायाशी पडलेलं बेहड्याचं फळ उचललं आणि नेम धरला. धनेशराव उडाले ते थेट उंबरावर गेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या चौदा खेपा झाल्या. पावसाच्या तोंडाशी लिंपण फुटलं. सगुणा बाहेर आली आणि तिच्यामागून एक गुबगुबीत पिल्लू. तिनं आधी नवऱ्याला चोचीचा एक ठोसा दिला, मग त्याच्याजवळ सरकून बसली.

खवल्यांनी पाटी उतरवली, पण वारूळ सोडलं नाही. आता ते समोर बसत, कान उघडे ठेवून. सगळं नीट ऐकत आणि सांगत, “घरी जा. बायकोला विचारा.” किंवा, “तुम्हाला झोप हवी आहे.” किंवा, “मला नाही माहीत.” पेशंट चिडले. “हे तर आमची आईसुद्धा सांगते!” महिनाभरात वारुळासमोर चिटपाखरू उरलं नाही. पहिलं गेलं ते भेकर. जाताना म्हणालं, “पूर्वी तुम्ही किती छान ऐकायचात!”

पुढच्या माघात सगुणेनं पुन्हा दार लिंपलं. आठवड्याभरात त्या फटीपुढं अर्धं जंगल रांगेत उभं होतं, प्रत्येकाच्या हातात एक उंबर. धनेशरावांच्या खेपा निम्म्यावर आल्या. रांगेच्या शेवटी खवले उभे असत, खवल्याखाली दोन उंबरं घेऊन. एक आपलं, आणि एक गेल्या तीन वर्षांच्या चुकांपोटी.

*

तात्पर्य : कान मिटून बसाल तर डॉक्टर, बुवा, सर, काय म्हणाल ते व्हाल. कान उघडलेत की मात्र दुकान बंद.

आणि बाळांनो, गोष्टभर तुम्ही मला सत्तावीस वेळा ‘हं’ म्हणालात. मी मोजत होतो, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांत काय होतं ते पाहायचं राहून गेलं. माझा हिशेब हा असा आहे. आता घरी गेल्यावर तुमचा मांडा. त्या सत्तावीसांतले कान उघडे ठेवून किती आणि मिटून किती, ते प्रामाणिकपणे लिहा. मला दाखवू नका. तेवढा भरवसा ठेवायची सवय मलाही करून घ्यायची आहे.