जावईबापू थेट शेतात

जावयाला शिवी द्यायची नाही, एवढं अण्णारावांना कळत होतं. त्यातून महिना धोंड्याचा. धर्माबादला या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तुपात बुडवून धोंडे वाढायचे आणि तो काही बरळला तरी मान डोलवायची.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णारावांचं खरं शेत बटाईनं दिलेलं होतं. पण म्हणून शेती सुटते होय! मुलगा सत्यम नांदेडला शिकायला गेला, त्याचा कॉम्प्युटर रिकामा पडला आणि त्यावरच्या शेतीच्या खेळात अण्णारावांनी शून्यातून ऐंशी एकर उभी केली. विहीर, ट्रॅक्टर, कापणीला आलेलं सोयाबीन. असं रान पंचक्रोशीत कुणाच्या बापाचं नव्हतं.

खेळाआधी कंपनीची एक खिडकी उघडायची. तिला लाँचर म्हणतात. ती पासवर्ड मागायची, जाहिराती दाखवायची, उगीच गोल गोल फिरत बसायची. अण्णाराव तेवढ्यात चहा उरकायचे. लातूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे त्यांचे थोरले जावई मल्लिनाथ धोंड्याला आले होते, ते हे बघून हसले.

"मामा, कशाला हिची मनधरणी करायलात? हिला टाळून टाकू. थेट शेतात!"

"नको हो जावईबापू. चाललंय की बरं."

"दोन मिनिटांचं काम हाय."

अण्णारावांनी मदतीसाठी बायकोकडं पाहिलं. विठाबाई उलट त्यांच्यावरच डाफरल्या, "करू द्या की! नारायणाला न्हाई म्हणत्यात का?"

जावयांनी शॉर्टकटच्या शेपटीला काहीतरी इंग्रजी जोडलं आणि बटण दाबलं. खिडकी आलीच नाही. खेळ थेट उघडला. समोर नुसतं गवत आणि त्यात एक खटारा ट्रॅक्टर.

"माझं सोयाबीन कुठंय?" अण्णारावांचा आवाज चिरकला.

"घाबरू नका मामा. तुमचं रान कंपनीकडं ठेवलेलं असतंय. ते आणून देती ती खिडकीच. आपण तिला टाळलं म्हणून हे नवं रान उघडलं."

"मंग बोलवा की तिला! पाया पडा तिच्या!"

जावयांनी जोडलेलं इंग्रजी पुसलं, तशी खिडकी आली. या खेपेला तिनं इंग्रजीत नवाच प्रश्न टाकला: दोन रानं सापडली आहेत, एक कंपनीकडचं आणि एक या कॉम्प्युटरवरचं. कुठलं ठेवू?

"या कॉम्प्युटरवरचं," जावई छाती फुगवून म्हणाले. "आपलं ते आपल्यापाशीच बरं!" आणि दाबलंसुद्धा.

कॉम्प्युटरवर होतं ते मघाचं गवत. तेच आता कंपनीकडंही जाऊन बसलं. ऐंशी एकर रान गडप! अण्णारावांना खरोखर रडू येत होतं. ओठांवर एक सणसणीत शिवीही आली होती, पण विठाबाईंनी डोळे वटारले.

"असू द्या, जावईबापू," ते दातांतून म्हणाले. "होतंय असं."

मल्लिनाथांनी तोंड चुकवत बायकोला खूण केली. पुनम पिशवी घेऊन आली. "अण्णा, निघतो आम्ही. उद्या ह्यांचा क्लास हाय."

अण्णाराव एकदम शांत झाले. "निघता? धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं थांबा म्हणलं तर जावई जातो का गं, विठाबाई?"

"आमच्या माहेरात तरी न्हाई बाई," विठाबाई म्हणाल्या.

झालं! कपाळावर कुंकू, हातात माऊस आणि अंगावर सासरचा नवा टॉवेल, अशा थाटात जावई नांगरटीला जुंपले गेले. मागं खुर्ची टाकून अण्णाराव बसले.

"नांगराचा तास वाकडा गेला, जावईबापू. परत घ्या."

"मामा, खेळ हाय हा."

"हाव, खेळच हाय. परत घ्या."

जावई उठायला लागले की विठाबाई ताटात धोंडा टाकायच्या. वाढलेलं टाकता येईना आणि पोट जड झाल्यावर उठताही येईना. दुसऱ्या दिवशी लातूरचा क्लास बुडाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुनम काकुळतीला आली.

"अण्णा, सोडा की आता ह्यांना!"

पण अण्णाराव फोनवर होते. पलीकडं किनवटचे धाकटे जावई होते.

"या की भागवतराव, धोंड्याला! हाव, थोरले जावई बी इथंच हायेत. लई रमलेत!"

फोन ठेवून ते लेकीला हळूच म्हणाले, "पेरणी उरकत आली. फवारणीला माणूस नको का?"