सरळ केलेलं फ्रेंच घर

दुपारच्या शांततेत टक् असा आवाज झाला आणि फ्रान्समधल्या चारशे वर्षं जुन्या घराची एक तुळई वल्लरीच्या चहात पडली.

घर रुंजीचं होतं, आइस्क्रीमच्या काड्यांचं. सहावीच्या फ्रेंच टीचरनी एका खेड्यातल्या घराचा फोटो दिला होता. तुळयांचा सांगाडा, मधे मातीच्या भिंती, आणि शेजारणीशी बोलायला वाकावं तसा रस्त्यावर झुकलेला वरचा मजला. सूचना एकच : मॉडेल मुलांनी स्वतः करायचं. आठ दिवस खपून रुंजीने ते अगदी तस्संच वाकडं उभं केलं होतं. प्रदर्शनाला पाहुण्या म्हणून येणाऱ्या फ्रेंच बाईंना ते आपलं आपण समजावून सांगायचं, यापलीकडे तिला काही नको होतं.

वल्लरीने तर आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीरच केलं होतं, की आमच्याकडे मुलांच्या कामात कोणी बोट घालत नाही. ते खरंच होतं. बोट कोणी घातलं नाही, सगळ्यांनी दोन्ही हात घातले.

ती नुसती तुळई चिकटवायला बसली. ते पाहून सासरे उठले. जयप्रकाश ऊर्फ नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, महिन्याभरासाठी मुलाकडे मस्कतमधल्या अल खौदला आलेले, आणि तिथल्या रस्त्यात एकही खड्डा न सापडल्याने कासावीस झालेले. त्यांनी चष्मा लावला आणि बांधकाम नामंजूर केलं.

“फोटोत तसंच आहे, नाना,” रुंजी म्हणाली.

“फोटोत चूक आहे म्हणून आपणही करायची?”

चारशे वर्षं उभं आहे, असं रुंजीने सांगून पाहिलं. पडलं नाही हे त्यांचं नशीब, असं उत्तर मिळालं.

गुरुवारी दुक्महून वल्लरीचा नवरा रुचिर आला. तिथल्या बंदराच्या कामावरचा इंजिनिअर. बायकोला कशी आहेस विचारण्याआधी त्याने घराला ओळंबा लावला, आणि बापलेकांचं कित्येक वर्षांनी एकमत झालं. वरचा मजला मागे सरकला. माती भेगाळते म्हणून थर्माकोल आला. कौलं गळतात म्हणून गच्ची झाली, आणि गच्ची झाल्यावर पाण्याची टाकी कोण अडवणार? तुळया फार उघड्या दिसतात म्हणून वल्लरीनेच त्यांवर क्रीम रंग मारला. रुंजीला डिंकाची बाटली धरायला दिली होती. ती तिने शनिवारपर्यंत धरली.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेत टेबलांवर सत्तावीस घरं होती. सगळी सरळसोट, क्रीम रंगाची, निम्म्यांवर डिश अँटेना. इथल्या भारतीय शाळेत बाप बहुतेक इंजिनिअरच. फ्रान्सचं खेडं कुठे दिसत नव्हतं, अल खौदची मागची गल्ली मात्र हुबेहूब उतरली होती.

पाहुण्या फ्रेंच बाई रुंजीपाशी आल्या. यात तू काय काय केलंस, असं त्यांनी इंग्रजीत, सावकाश, मायेने विचारलं. नानांनी घसा खाकरला. रुचिरने त्यांना गप्प केलं.

रुंजीने घराभोवती एक फेरी मारली. खिडकीतून आत पाहिलं. मग आईचा हात ओढून हळूच विचारलं,

“आई, यातला माझा पार्ट कुठला आहे?”