मावशींनी घडवलेला राक्षस

"घाबरायला असं काय मोठंसं लागतं रे? डोळे विस्फारायचे, ओठ थरथरवायचे आणि हुंदका अर्ध्यावर गिळायचा. थिएटरात एक डोळा कोरडा राहिला तर नाव बदलेन!"

मावशींनी भाच्याला ठणकावून सांगितलं. अख्खी हयात त्यांनी नाटकात काढली होती. खाष्ट सासू झाल्या, भोचक शेजारीण झाल्या, पण प्रेक्षक जिच्यासाठी रडतात ती नायिका काही वाट्याला आली नाही. नायिका रडून टाळ्या घ्यायची आणि मावशी विंगेत तिची शाल धरून उभ्या!

आता भाच्याच्या भयपटातली नायिका ऐनवेळी पळाली होती. एक माणूस एका बाईला खोलीत डांबतो आणि गोड बोलून तिचं मन ताब्यात घेतो, अशी गोष्ट. भूमिका तरुणीची होती.

"भीतीला वय नसतं," मावशी म्हणाल्या. भाच्याकडे दुसरी बाईही नव्हती.

तिला डांबणारा राक्षस झाला होता गल्लीतला चष्मेवाला. दाराएवढा उंच, विहिरीतून आल्यासारखा आवाज. स्वभाव मात्र असा, की गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवतानाही "टोचत नाही ना?" विचारायचा. शूटिंग त्याच्याच दुकानामागच्या, डोळे तपासायच्या खोलीत.

भाच्याची पद्धत जगावेगळी. संवाद लिहिलेले नाहीत, सुचेल ते बोला. आत कॅमेरा एकटा चालू, दाराला बाहेरून कुलूप.

"आतून कुणी कितीही ओरडलं तरी उघडायचं नाही!" त्याने सगळ्यांना बजावलं. "खरी भीती तिथेच सुरू होते!"

कुलूप लागलं. चष्मेवाल्याने मावशींना खुर्चीला बांधलं आणि घसा खाकरला.

"बाहेरचं जग तुम्हाला विसरलंय, बरं का मावशी."

"अरे, डांबलेल्या बाईला 'बरं का' म्हणतात होय? अरेतुरे कर!"

"कसं करू? तुम्ही आईच्या मैत्रीण ना!"

मावशींचं गणित सरळ होतं. राक्षस जितका भयंकर, तितकी आपली कीव जास्त. हा असा मिळमिळीत राहिला तर आपल्यासाठी रडणार कोण? त्यांनी त्याची तालीमच घ्यायला सुरुवात केली.

"मान वर! श्वास पोटातून! आमच्या वेळी माइक नव्हते, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्द पोचायचा. म्हण!"

"बाहेरचं जग तुला..."

"कुजबुजतोस काय? पुन्हा!"

"बाहेरचं जग..."

"पुन्हा!"

जेवणाची वेळ टळून गेली. चष्मेवाल्याने पाणी मागितलं.

"वाक्य जमलं की मिळेल," मावशी प्रेमाने म्हणाल्या. "तुझ्या भल्यासाठीच सांगते ना मी? माझ्याशिवाय तुला हे कोण शिकवणार?"

"कुणी नाही," तो पुटपुटला.

"मग? पुन्हा!"

अखेर तो दारावर धडका देऊ लागला. "सोडवा! अहो, मला सोडवा! या बाईपासून वाचवा!"

बाहेर कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर हे बघताना भाच्याच्या अंगावर काटा आला. "वा! राक्षसच कैदी! हे मला कसं सुचलं नाही? खबरदार, कुलपाला हात लावाल तर!"

आत मावशी खूश. "हां, हा सूर! हाच सूर माझ्यावर ओरडताना लाव. आणि इकडे ये, माझी गाठ सैल झालीय. नीट आवळ बघू."

चष्मेवाला डोळे पुसत आला आणि त्याने गाठ आवळली.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. अंधारात चहूकडून हुंदके येत होते. मावशींनी ते कान भरून ऐकले. इतक्या वर्षांनी का होईना, लोक आपल्यासाठी रडले!

दिवे लागले. पुढच्या रांगेतली एक बाई, रडून नाक लाल झालेली, हात पसरून धावत आली. मावशींनीही हात पसरले. बाई त्यांना वळसा घालून गेली आणि तिने चष्मेवाल्याचे हात धरले.

"काय सोसलंत हो तुम्ही!"

मावशींना राहवेना. "अहो बाई, बांधलेली मी होते! हाल झाले ते माझे!"

बाई दोन पावलं मागे सरकली. "हो हो, तुमचेच, तुमचेच," असं घाईघाईने म्हणत तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं.

त्याने मान खाली घातली. "मावशी म्हणतात ते बरोबरच असतं," तो म्हणाला. शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं.