गिरिजा मावशीचा मोर

विनीतच्या सायबर कॅफेत त्या शनिवारी चार कप चहा निवून गेला, तरी कुणी हात लावला नाही. केळदऱ्यात जाणं पुढच्या महिन्यापासून फुकट होणार होतं आणि त्यामुळे सगळे भयंकर संतापले होते.

केळदरा हे गाव पोलादपूर तालुक्यात शोधायला जाऊ नये. ते एका परदेशी कंपनीच्या इंटरनेटवरच्या खेळात होतं. खेळाचं खरं नाव केल्डरमार. ते महाडकरांच्या तोंडात बसेना म्हणून त्यांनी दोन दिवसांत त्याचा केळदरा करून टाकला. जगभरचे लोक आपापल्या जागी बसून तिथे एकाच वेळी वावरत, शेती करत, राक्षस मारत आणि राक्षस नसले की गप्पा मारत. २००८ साली खेळाला आठ वर्षं झाली होती, म्हणजे खेळांच्या जातीत ते पिकलं पानच. महिन्याची वर्गणी भरून खेळायला माणसं मिळेनात, तेव्हा कंपनीने जाहीर केलं: वर्गणी बंद, जुना मुलूख सगळ्यांना फुकट, मात्र समुद्रापलीकडे नवा उत्तर मुलूख याच आठवड्यात उघडतोय, तो ज्याला हवा त्याने विकत घ्यावा.

"फुकट म्हटल्यावर कोण कोण घुसेल, याचा विचार केलाय का?" अनुपमा म्हणाली. ती बँकेत कॅशियर होती आणि रांग मोडणाऱ्यांचा तिला जन्माचा राग होता. "वर्गणी होती तोवर सगळे सारखे. आता ज्याच्या खिशात पैसा, त्याची तलवार मोठी."

"ताई, फुकट झालं तर माझं गिऱ्हाईक वाढेल," विनीत म्हणाला.

"तुझं गिऱ्हाईक वाढेल आणि केळदरा बुडेल!"

"बुडनारच," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कोंडाजी आबा म्हणाले. आबा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले शेतकरी. त्यांच्या मुलाने, भिकूने, मुंबईला नोकरीत असताना केळदऱ्यात शेत घेतलं होतं. पुढे त्याला वेळ होईना, तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, "आबा, तेवढं बघा." आबा तेव्हापासून दर शनिवार-रविवारी एस.टी.ने महाडला येऊन ते शेत बघत. या शेतात वानरं शिरत नाहीत, एवढ्यावर ते खूश होते. "नवा मुलूख निघाला की जुन्यात कोन ऱ्हातं रे? आमच्या वाडीत सत्तर घरं व्हती. आता धूर निघतो नऊ घरांतनं. बाकीच्यांना कुलपं. हितं बी तसंच व्हनार."

पोटनीस सर चष्मा पुसत बसले. यज्ञेश्वर पोटनीस हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अनुपमा आणि विनीत दोघेही त्यांच्या हाताखालून गेलेले. चार मराठी माणसं जमली की मंडळ निघतंच, तसं इथेही 'महाड-पोलादपूर केळदरा मंडळ' निघालं होतं आणि वयामुळे सर त्याचे अध्यक्ष होते. खेळात मात्र ते बाई होते. पहिल्याच दिवशी चष्मा घरी विसरल्यामुळे त्यांनी भलत्याच चित्रावर बोट दाबलं आणि त्यांच्या वाट्याला जडीबुटी देणारी एक पन्नाशीची बाई आली. तिचं नाव त्यांनी गिरिजा ठेवलं. केळदऱ्यात सगळे तिला गिरिजा मावशी म्हणत. मंडळ यावर वर्षभर हसलं होतं.

शेवटी कंपनीला अर्ज करायचं ठरलं. सरांनी इंग्रजीत अर्ज लिहिला, 'वरील विषयास अनुसरून' पासून 'कळावे' पर्यंत सगळं तर्जुमा करून. विनीतने तो ईमेलने पाठवला. सरांचा ईमेलवर विश्वास नव्हता, म्हणून शिवाय एक प्रत रजिस्टर पोस्टानेही गेली. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं: उत्तर मुलुखाबद्दल आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत, आपल्याला खास सवलत देत आहोत.

"हा अपमान आहे!" अनुपमा ओरडली. निदान यावर मंडळात एकमत झालं.

"अर्जबिर्ज सोडा," आबा म्हणाले. "गावकीची रीत करा. नारळ ठेवा."

विनीतने कोपऱ्यावरून नारळ आणला. तो मधल्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला. एकेकाने त्यावर हात ठेवून महाडच्या वीरेश्वराची शपथ घेतली, की कंपनी वर्गणी पुन्हा सुरू करत नाही तोवर मंडळातलं कुणीही उत्तर मुलूख घेणार नाही. घेईल त्याला वाळीत टाकायचं. केळदऱ्यात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही, त्याच्याकडून औषध घ्यायचं नाही. सरांनी सगळ्यात शेवटी हात ठेवला. शपथ नुसती पुटपुटून त्यांनी तो लगेच काढून घेतला. सगळ्यांना वाटलं, वय झालं.

खरी गोष्ट वेगळी होती. सरांना देवश्री ही एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः ठरवून पुण्यात लग्न केलं. सरांना मुलगा पसंत नव्हता. लग्नाच्या दिवशी ते दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत घरी बसले. पुढे ती मेलबर्नला गेली, तिकडून फोन करत राहिली, सर उचलेनात. मग फोन बंद झाले. फोन बंद झाल्यावर सरांना तो वाजावा असं वाटू लागलं, पण तोवर तिचा नंबर बदलला होता आणि नवा कुणाकडे मागायचा तर मान खाली घालावी लागली असती. सरांची मान भूगोलाच्या तासाला ताठ झाली होती, ती पुन्हा कधी वाकली नव्हती.

देवश्री लग्नाआधी हा खेळ खेळायची एवढं त्यांना ठाऊक होतं. घरात तिचा जुना कॉम्प्युटर पडला होता, म्हणून ते विनीतकडून शिकून केळदऱ्यात शिरले. तिसऱ्या दिवशी विहिरीवर एक मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर नाव होतं, इरावती. इरावती हे सरांच्या गेलेल्या बायकोचं नाव. ही देवश्रीच, हे सरांनी ओळखलं.

"मावशी, नवीन आहेस का?" इरावतीने लिहिलं. "मी मूळची महाडची. तू?"

"मीही महाडचीच," सरांनी एका बोटाने लिहिलं, आणि तिथून मागे फिरायची वाट बंद झाली.

गेलं वर्षभर देवश्री रोज मावशीशी बोलत होती. तिकडे कारलं चांगलं मिळत नाही, नवरा भाजीत साखर घालतो, सगळं मावशीला कळत होतं. एकदा तिने लिहिलं, "मावशी, माझे बाबा फार हुशार आहेत. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना पाठ आहेत. मीच कुठे आहे ते त्यांना माहीत नाही." त्या दिवशी सर जेवले नाहीत.

आणि आता देवश्री पुढच्या रविवारी नवऱ्याबरोबर उत्तर मुलुखात निघणार होती. "मावशी, तूही ये ना," तिने शपथेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं. "तिकडून इकडे काही मी येणार नाही. अगदीच जमलं नाही तर हा माझा फोन नंबर ठेव. फोन कर."

मावशीने फोन कसा करायचा? सरांनी नंबर लिहिलेला कागद चौघडी करून खिशात ठेवला आणि गुरुवारी डोळे तपासायला जातो असं सांगून रिक्षाने वीर स्टेशन गाठलं. पनवेलच्या एका दुकानातून त्यांनी उत्तर मुलुखाची सीडी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मुद्देमाल घेऊन चोर जावा तसे परतीच्या गाडीत बसले.

घरी येऊन सीडी घातली. खेळाने पैसे भरल्याचं मान्य केलं, अभिनंदन केलं, आणि उत्तर मुलुखाच्या वेशीवर येऊन कॉम्प्युटर थिजला. पुन्हा सुरू केला, पुन्हा थिजला. देवश्रीच्या त्या जुन्या कॉम्प्युटरला नवा मुलूख झेपत नव्हता. झेपला तो फक्त मोर. उत्तर मुलूख घेणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने एक पांढरा मोर भेट दिला होता आणि तो मालकाच्या मागे मागे फिरे. सरांनी मावशीला नदीत पोहायला लावलं, मोर पोहला. गोठ्यात कोंडला, तो भिंतीतून बाहेर आला. सरांच्या पदरी मुलगी पडली नाही, पाप मात्र पडलं आणि वर त्याला पिसारा होता.

रविवारी मंडळाची सभा. ही सभा केळदऱ्यातल्या विहिरीवर भरे. म्हणजे सगळे विनीतच्या कॅफेत एकमेकांना खेटून बसत आणि पडद्यावर विहिरीशी जमून बोलत. अध्यक्षाला दांडी मारता येईना. गिरिजा मावशी विहिरीवर आली आणि मागून मोर आला.

"सर," अनुपमा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "हा मोर?"

"रानातून आला असावा."

"पांढरा?"

"मोर असा मानसामागं फिरत नाय," आबा म्हणाले. "कोंबडी फिरती. ती बी दाना टाकला तर."

अनुपमाने कंपनीची जाहिरात उघडून मोठ्याने वाचली. मोर भेट, परत घेतला जाणार नाही.

"सर, तुम्ही?" विनीत खुर्चीतून अर्धा उठला. "अध्यक्ष असून?"

ठरल्याप्रमाणे बहिष्कार लगेच सुरू झाला. विहिरीवरचे तिघेही मावशीकडे पाठ करून उभे राहिले. मग विनीतने मान वळवली आणि विचारलं, "सर, पंखा जास्त लागतोय का? कमी करू?"

"अरे, आपण बोलायचं नाही ना त्यांच्याशी?" अनुपमा कुजबुजली.

"वाळीत तिकडं हाय," आबांनी निवाडा दिला. "हितं नाय. आनि गावकी आधी इचारती. सर, का केलंत?"

सरांनी चष्मा काढला. शाळेत एवढी वर्षं उत्तरं मागितलेल्या माणसाला उत्तर देणं फार जड जात होतं. पण त्यांनी सगळं सांगितलं: उत्तरपत्रिका, न उचललेले फोन, विहिरीवरची इरावती, पनवेल. "तिथं ती माझ्याशी बोलते रे," ते म्हणाले. "मी मावशी आहे म्हणून बोलते. ती तिकडे गेली की मला कुणीच नाही."

अनुपमाने पदराने डोळे पुसले. विनीत उठला, सरांच्या पिशवीतली सीडी घेऊन त्याने कॅफेतल्या सगळ्यात नव्या मशीनमध्ये घातली. शपथेचं काय, असं कुणी विचारलं नाही. मशीनने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की बाकीचा मुलूख इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागेल. विनीतच्या लाइनवर त्याला अकरा दिवस लागणार होते, तेही वीज गेली नाही तर.

"आज ती निघणार आहे," सर म्हणाले.

"सर," आबा म्हणाले, "नंबर दिलाय म्हनता ना?"

"मावशीला दिलाय."

"मंग मावशीनं फोन करावा."

"आबा, माझा आवाज..."

"आवाजाचं मागनं बघू. लाव रे इनीत."

कॅफे हा पूर्वी टेलिफोन बूथ होता आणि परदेशी लागणारा फोन अजून काचेच्या खोक्यात होता. विनीतने नंबर फिरवला आणि रिसीव्हर सरांच्या हातात दिला. दार लावायचं कुणाला सुचलं नाही, सरांनाही नाही. तिकडे घंटा वाजत राहिली. मग ती थांबली.

"हॅलो?"

दोन वर्षांनी आवाज कानावर पडला. सरांचे ओठ हलले, पण 'बाबा' हा शब्द काही केल्या बाहेर येईना. त्यावर आपला हक्क राहिलेला नाही, असं त्यांना वाटलं. शेवटी ते त्यांच्या त्याच खर्जातल्या, शेवटच्या बाकाला घाम फोडणाऱ्या आवाजात म्हणाले, "मी... गिरिजा मावशी बोलतेय."

पलीकडे काहीच नाही. फोन कट झाला की काय, म्हणून विनीत पुढे आला. आबांनी त्याला धरून ठेवलं.

"मावशी," बऱ्याच वेळाने आवाज आला. तो ओला होता. "तुझा आवाज फार बसलाय गं."

"हो. थोडा."

"मावशी, माझं एक काम करशील? शाळेच्या मागच्या गल्लीत पोटनीस सर राहतात. त्यांना निरोप दे. सांग, मी अजून रागावलेय. खूप रागावलेय. लग्नाच्या दिवशी जेवणं उरकेपर्यंत मी दाराकडे बघत होते, तेही सांग."

"सांगते," सर म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "ते काय म्हणतील, मला ठाऊक आहे. ते म्हणतील, चुकलं."

"ते त्यांनी म्हणायचं, मावशी. तू नको म्हणूस."

सरांनी कपाळ काचेला टेकवलं.

"बरं," ते म्हणाले. "उद्या त्यांनाच घेऊन येते."